कालिना : या पोलिश फुलाच्या नावाचा नेमका अर्थ काय?

ओड्राकाठी

मंडळी, घाईत धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. गेली सहा वर्षं आम्ही दोघं पोलंडात, व्रोत्सवाफला आहोत. गेल्या मंगळवारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. इथे दवाखाना जन्माचा कागद परस्पर नोंदणी कार्यालयाला पाठवतो आणि तिथून २१ दिवसांत तुम्ही जन्म नोंदवून नाव द्यायचं. नाही दिलंत तर तिथला अधिकारीच एखादं चालू नाव ठेवून मोकळा होतो.

बायकोला फुलाचं नाव हवंय. कराडहून मातोश्रींची यादी आली : जाई, जुई, अबोली, लता, सायली. ती मी रोमन अक्षरांत लिहून शेजारच्या आजींना दाखवली. पोलिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'य', त्यामुळे जाईची झाली 'याई'. आजींना हसू आवरेना, कारण 'याया' म्हणजे अंडी. लता म्हणजे 'वर्षं', शिवाय 'ती उडते' असाही अर्थ निघतो. अबोलीशी आल्या आणि एकदम काळजीनं बायकोकडे बघायला लागल्या. 'आ बोली?' म्हणजे 'आणि दुखतंय का?' बाई नुकतीच बाळंत झालेली, तेव्हा प्रश्न तसा रास्तच होता.

मग आजींनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. आमच्या इमारतीच्या मागे पाणी साचतं तिथे एक झुडूप आहे, पुरुषभर उंचीचं, सध्या पांढऱ्या फुलांनी भरलंय. म्हणाल्या, "कालिना. मुलीचं नाव आहे, झाडाचंही आहे." बायकोनं तिथल्या तिथे पसंत केलं. मी आईला फोन लावला. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "काळी ना? कोण म्हणालं असं?"

तर प्रश्न : या नावाचं मूळ काय, अर्थ काय? बाळांच्या नावांच्या तीन साइट पाहिल्या. एक म्हणते ग्रीक, म्हणजे 'सुंदर'. दुसरी म्हणते संस्कृत, कालिंदीवरून. तिसरी नुसतंच म्हणते 'फूल'. आईला पटेल असं काहीतरी सांगा. सहा दिवस गेले, पंधरा उरले.

टवाळ_कार्टं

मुलीचं अभिनंदन! अर्थ सोपा आहे : सांताक्रूझ पूर्व, मुंबई विद्यापीठ. मोठी झाल्यावर धाकटी बहीण आली तर तिचं नाव 'फोर्ट' ठेवा.

माई_पेठेतल्या

हार्दिक अभिनंदन. बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतायत ना तिथे? नावाचं होईल काहीतरी, आधी ते बघा.

गावठाण

@टवाळ_कार्टं, आपली कलिना वेगळी बरं का. सिटी सर्व्हेच्या कागदांवर त्या गावाचं नाव आजही कोलेकल्याण आहे. आमचं घर तिकडचं, म्हणून ठाऊक. पोलंडशी तिचा एवढाच संबंध की विद्यापीठात परकीय भाषांचा विभाग आहे.

स्पष्टवक्ता_७२

राग मानू नका, पण मराठी आईबापांनी मराठी मुलीचं नाव तिकडच्या झुडपावरून का ठेवावं? आपल्याकडे फुलं कमी आहेत का? आपल्या मातीतलं नाव ठेवा. उद्या परत आलात की शाळेत पोरं चिडवतील.

शब्दवेडी

ओड्राकाठी, अभिनंदन. त्या तिन्ही साइट बंद करा आणि हे वाचा. थोडं लांबेल.

'कालिना' हा शब्द एकट्या पोलिशचा नाही, सगळ्या स्लाव्ह भाषांत आहे. रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्बियन, सगळीकडे जवळपास हाच. म्हणजे या भाषा वेगळ्या व्हायच्या आधीपासूनचा. ग्रीक 'कालोस', सुंदर, याच्याशी नुसतं ध्वनीचं साम्य आहे. कालिंदीचंही तेच.

मुळाबद्दल दोन मतं सापडतात. जास्त मानलं जाणारं असं, की 'काल' म्हणजे चिखल, दलदल. हे झुडूप ओढ्याकाठी, दलदलीत, ओलसर रानात वाढतं म्हणून चिखलातली ती कालिना. आजच्या पोलिशमध्ये साचलेल्या डबक्याला 'कावूझा' म्हणतात, तोही याच घरातला. (त्यांच्या 'ल'ला आडवी काट मारली की त्याचा 'व' होतो.) दुसरं मत म्हणजे 'कालिच' या क्रियापदावरून, लोखंड तापवून लाल करणं. कालिनाची फळं पिकली की निखाऱ्यासारखी लालभडक होतात, त्यावरून. मला पहिलं पटतं. झाड कुठे वाढतं ते बाराही महिने दिसतं, फळं दोन-तीन महिने.

आता आईंना काय सांगायचं? चिखलात जन्मते ती. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, पंकजा.

@स्पष्टवक्ता_७२, नाव मातीतलंच आहे. माती जरा ओली आहे इतकंच.

टवाळ_कार्टं

हसून हसून पुरेवाट! ओली माती!! शब्दवेडीताई, दंडवत.

ओड्राकाठी

पंकजा!! हे डोक्यातच आलं नाही. आईच्या सख्ख्या मावशीचं नाव पंकजा. आता रात्र झाली असेल तिकडे, उद्या सकाळी फोन करतो.

क्राकोव्हचा_नाना

शब्दवेडी यांचं बरोबर आहे, पण अर्धवट सांगितलंय, बहुधा सभ्यपणामुळे. मी क्राकोव्हला चार वर्षं होतो. आजच्या पोलिशमध्ये तोच 'काल', उच्चारी 'काव', म्हणजे चिखल नाही. डॉक्टरांनी एकदा मला 'बादान्ये कावू' लिहून दिलं, मी फार्मसीत जाऊन विचारलं हे कोणतं औषध. काउंटरवरच्या मुलीनं एक शब्द न बोलता छोटी डबी पुढे केली, झाकणाला आतून चमचा असलेली. तेव्हा कळलं कसली तपासणी आहे ते.

जाता जाता, कुणीही पोलिश माणूस कालिना ऐकून त्या शब्दाकडे जात नाही, निर्धास्त राहा. त्यांना झुडूप आठवतं.

माई_पेठेतल्या

नाना, आम्ही जेवत होतो.

वृक्षवल्ली

झाडाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. पोलिशमध्ये पूर्ण नाव 'कालिना कोरालोवा', पोवळ्यासारखी कालिना. शास्त्रीय नाव व्हायबर्नम ऑप्युलस. दोन ते चार मीटर वाढतं, पान तीन पाकळ्यांचं, मेपलच्या पानासारखं. मे-जूनमध्ये फुलतं, म्हणजे ओड्राकाठींच्या खिडकीखाली आत्ता ऐन बहर असणार.

फुलोरा जवळून बघा. दुरून एकच मोठं फूल वाटतं, पण तो झुबका असतो. मधे बारीक बारीक, मोत्यांएवढी फुलं आणि बाहेरून कडेकडेनं मोठी, पांढरीशुभ्र, पाच पाकळ्यांची. गंमत अशी की ती मोठी फुलं वांझ असतात. त्यांना ना केसर ना बी, किडे-माश्यांना लांबून बोलवायचं एवढंच काम. फळ धरतं ते मधल्या चिमुकल्यांना. मी ह्या बाहेरच्या फुलांना करवल्या म्हणते. मिरवणार त्या, संसार मधलीचा.

बागांमध्ये याची एक जात लावतात, तिच्यात सगळीच फुलं बाहेरच्यासारखी. पांढरा चेंडू नुसता. पोलिश लोक त्याला 'बुल्देनेश' म्हणतात, फ्रेंच 'बर्फाचा गोळा'चा अपभ्रंश. दिसतो छान, फळ एक धरत नाही. सगळ्या करवल्याच, नवरीचा पत्ता नाही.

आपल्याकडे हिमालयात याची भावंडं आहेत. त्यातल्या एकीला, व्हायबर्नम ग्रँडिफ्लोरमला, पानं यायच्या आधीच गुलाबी सुगंधी फुलं येतात.

ओड्राकाठी

@वृक्षवल्ली, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता खाली जाऊन आलो. करवल्या मोजल्या. एका झुबक्यात आठ, दुसऱ्यात नऊ. आमची आहे ती खरी कालिना, बुल्देनेश नाही. वासाला मात्र फार काही नाही.

वृक्षवल्ली

वास फळांना असतो आणि तो नसलेला बरा. पिकलेली फळं हाताळली की ओल्या मोज्यांचा दर्प येतो. कच्ची कडू आणि आंबट, जास्त खाल्ली तर उलट्या होतात. हिवाळ्यातला पहिला कडक हिम पडून गेला की कडवटपणा कमी होतो, मग लोक जेली करतात, सरबत करतात, मद्यात घालून मुरवतात. पक्षीसुद्धा लगेच हात लावत नाहीत. फळं थंडीभर फांदीवर लाल लाल राहतात, बर्फात उठून दिसतात. आत एकच बी, चपटी आणि हुबेहूब बदामाच्या आकाराची. पत्त्यातला बदाम, खायचा नव्हे.

स्पष्टवक्ता_७२

म्हणजे कडू, उलट्या करवणारी आणि मोज्यांच्या वासाची. मग काय, नाव ठेवायलाच पाहिजे.

माई_पेठेतल्या

स्पष्टवक्ते, तुमच्या आयडीतलं '७२' जन्मसाल आहे की रक्तदाब? कडुनिंबाची पानं आपण पाडव्याला खातो ना.

अनुस्वार

व्याकरणाकडून एक निरीक्षण. पोलिशमध्ये मुलींची नावं जवळजवळ सगळी 'आ'कारान्त असतात. त्यामुळे कोणतं फूल मुलगी होणार हे त्याच्या रूपापेक्षा त्याच्या लिंगावर ठरतं. कालिना स्त्रीलिंगी, रुझा म्हणजे गुलाब स्त्रीलिंगी, दोन्ही थेट नावं झाली. ट्युलिप (तुलिपान) पुल्लिंगी, लायलॅक (बेस) पुल्लिंगी, व्हायोलेट (फ्योवेक) पुल्लिंगी. यांतलं एकही आहे तसं मुलीचं नाव होत नाही. व्हायोलेटसाठी वेगळं 'व्हिओलेट्टा' बाहेरून आणावं लागलं. याश्मिन पुल्लिंगी, त्याला शेपूट लावून याश्मिना केलं.

आता आपल्याकडे बघा. जाई, जुई, शेवंती, अबोली, सायली, केतकी सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून सरळ नावं. मोगरा, झेंडू पुल्लिंगी, घराघरात असूनही कुणी मुलीला देत नाही. चाफ्याची चंपा करावी लागते, आणि निशिगंधाला शेपूट लावून निशिगंधा. याश्मिनची याश्मिना तशीच निशिगंधची निशिगंधा!

टवाळ_कार्टं

आणि गुलाब पुल्लिंगी म्हणून गुलाबराव. पोलंडात रुझा नाजूक कन्या, जळगावात गुलाबराव मिशीवाले. एकाच फुलाचं नशीब.

आबोलेंवाली_म्हापसा

आमच्याकडे गोव्यात ते आबोलें. सोमवारी फातीभर विकत घेतो. आता प्रत्येक वेळी 'दुखतंय का' आठवणार, काय हे ओड्राकाठी!

अनुस्वार

रुझावरून आठवलं. १८७१ साली झामोश्च गावात जन्मलेली क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्ग घरच्या भाषेत रुझाच. जर्मनीत गेली म्हणून जगाला रोझा. तुमची कालिना मात्र कुठेही गेली तरी कालिनाच राहील, उच्चार बिघडवायला वावच नाही.

क्राकोव्हचा_नाना

वाव आहे. हाक मारताना नाव बदलतं! त्यांच्याकडे सात विभक्त्या, त्यात संबोधन अजून जिवंत आहे. 'कालिना आली', पण 'कालिनो, इकडे ये'. कालिनाचं पुस्तक म्हणताना 'कालिनी', कालिनाला दिलं म्हणताना 'कालिन्ये'. माझं स्वतःचं नाव ऑफिसात इतक्या रूपांत फिरायचं की पगार कुणाच्या नावावर जमा होतो अशी शंका यायची.

शब्दवेडी

यात नवल काय नाना? आपण नाही का 'ठमी'ला 'ए ठमे' म्हणत! संस्कृतात मालाचं संबोधन माले. मूळ आजी एकच. अग्नीला पोलिशमध्ये 'ओग्येन', मधाला 'म्यूत', विधवेला 'व्दोवा'. हे खरे नातेवाईक आहेत. कालिंदी-कालिना हे मात्र लग्नात भेटलेले सारख्या आडनावाचे पाहुणे.

अभ्यासू_मांजर

मूळ प्रश्नाकडे. 'अर्थ' म्हणजे नुसती व्युत्पत्ती नव्हे, लोकांच्या मनात काय उमटतं तेही. पोलिश लोकगीतांत कालिना म्हणजे वयात आलेली मुलगी. पांढरं फूल कौमार्य, लाल फळ प्रेम किंवा लग्न. नवरीच्या साजातही कालिना असायची. १९व्या शतकातला कवी तेओफिल लेनार्तोविच याची 'कालिना' नावाची कविता पोलंडात खूप गाजली. त्यात ओढ्याकाठचं हे झुडूपच एक मुलगी आहे आणि ती एका पोराची वाट बघते. शेवट गोड नाही.

शेजारी युक्रेनमध्ये तर लाल कालिना राष्ट्राचं प्रतीक आहे. २०२२ नंतर त्यांचं लाल कालिनेचं जुनं गाणं जगभर ऐकू आलं. बल्गेरियाचे शेवटचे राजे सिमेऑन यांच्या मुलीचं नावही कालिना. म्हणजे नाव झुडपाचं असलं तरी राजवाड्यापर्यंत गेलेलं आहे, हे स्पष्टवक्त्यांसाठी.

पंचगंगेचं_पाणी

मी कोल्हापूरचा, म्हणून राहवत नाही. आमच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८. जवळपास पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं त्यांना पूर्व पोलंडातून उचलून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ती आमच्याकडे पोचली. त्यांच्यामागे त्या जागेवर फाळणीत आलेले सिंधी लोक वसले, तेच आजचं गांधीनगर, कापडाची बाजारपेठ.

आमचे पणजोबा छावणीत दूध घालायचे. म्हातारपणी सकाळी कुणी दिसलं की 'जेन दोब्री' म्हणायचे. सुनेला वाटायचं कानडी बोलतायत. आजी त्यांच्याकडून ऐकलेली पोरींची नावं सांगायची : झोशा, हांका, क्रिश्या, मारिशा, बाशा. धागा वाचून काल तिला मुद्दाम विचारलं, कालिना होती का? म्हणाली, "तसलं काय न्हाई बा. सगळ्या देवाच्या नावाच्या."

अभ्यासू_मांजर

पंचगंगा, तुमच्या आजींनी एका वाक्यात मुद्दा सांगितला! झोशा म्हणजे सोफिया, हांका म्हणजे आना, क्रिश्या म्हणजे क्रिस्तिना, बाशा म्हणजे बार्बारा. सगळ्या संतिणी. कॅथलिक घरात बाप्तिस्म्याला संताचं नाव लागायचं. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात तर आईबाप ऐकेनात तर पाद्रीबुवांनीच एक संताचं नाव जोडावं असं होतं. रुझाला अडचण नव्हती, लिमाची संत रोझ १६७१ मध्येच संतपदाला पोचलेली. कालिना नावाची संत त्यांच्या यादीत नाही, म्हणून ते नाव बराच काळ रानातच राहिलं. १९८३ च्या नव्या कायद्यात अट सैल झाली, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं एवढंच.

तुरळक होती अर्थात. कालिना येन्द्रुसिक ही तिकडची गाजलेली अभिनेत्री-गायिका १९३० ची. साठच्या दशकात टीव्हीवर तिनं धमाल उडवली होती. आजच्या म्हाताऱ्या लोकांना कालिना म्हटलं की झुडपाच्या आधी तीच आठवत असेल.

ओड्राकाठी

@अभ्यासू_मांजर, शंभर टक्के! शेजारच्या आजोबांना नाव सांगितलं तेव्हा ते उगाच मिश्कील हसले होते आणि आजींनी त्यांना कोपरानं ढोसलं होतं. आत्ता उलगडा झाला.

स्पष्टवक्ता_७२

वळिवड्याचा प्रतिसाद आवडला. माझे वडील कोल्हापुरात शिकत होते, छावणीतल्या पोरांशी फुटबॉल खेळल्याचं सांगायचे. माझा विरोध थोडा सौम्य झाला आहे असं समजा. पण घरात हाक मारायला मराठी नाव असू द्या.

क्राकोव्हचा_नाना

कागदावरही दोन चालतात. २०१५ पासूनच्या तिथल्या कायद्यानं जास्तीत जास्त दोन नावं, परकीय नावही चालतं. लाडाचं रूप मात्र नाही, म्हणजे कालिना चालेल, 'कालिन्का' नोंदवायला गेलात तर अडवतील. आणि ज्याचं हसू होईल असं नावही चालत नाही.

टवाळ_कार्टं

म्हणजे आपल्याकडचे बबन, पिंट्या, छकुली सगळे सीमेवरून परत.

ओड्राकाठी

मंडळी, काल नोंदणी करून आलो, अठरावा दिवस. काउंटरवरच्या बाईंनी नाव पुन्हा न विचारता स्वतःच नीट लिहिलं, सहा वर्षांत पहिल्यांदा मला या देशात काही स्पेलिंग करून सांगावं लागलं नाही. आडनाव मात्र तीन वेळा.

पहिलं नाव कालिना, दुसरं पंकजा. आईला शब्दवेडींचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं. पंकजा ऐकून खूश झाली, मग म्हणाली, "अरे पण दोन्हीचा अर्थ एकच तर एक कशाला वाया घालवलं?" उत्तर सुचलं नाही. आणि नानांच्या डबीची गोष्ट सांगितलेली नाही, सांगणारही नाही.

स्पष्टवक्ते, घरातल्या हाकेचं म्हणाल तर बारशाआधीच ठरलंय. व्हिडिओ कॉल लागला की कराडहून आरोळी येते, "ठमे, बघ गं इकडे!"

शब्दवेडी

संबोधन अचूक आहे.

वृक्षवल्ली

अभिनंदन! ऑक्टोबरात फळं लाल झाली की फोटो टाका. आणि चार बिया जपून ठेवा. उगवायला फार वेळ घेतात, कधी कधी दोन हिवाळे, तेव्हा कुंडी लगेच फेकू नका.

माई_पेठेतल्या

डिंकाच्या लाडवांचं अजून कुणी सांगितलं नाही.